‘केज म्हणजे बीडच ना?’

बिंदुसराकाठ (मूळ लेखन)

मागच्या महिन्यात पुण्यात भाड्याचे घर पाहायला गेलो होतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी चहा टाकला, बाल्कनीतून दिसणारी टेकडी दाखवली आणि अनामत रक्कमही जवळपास ठरली. मग त्यांनी आधार कार्ड मागितले, चष्मा लावून पुढची बाजू पाहिली, कार्ड उलटे करून पत्ता वाचला आणि ‘केज म्हणजे बीडच ना?’ असे विचारले. मी हो म्हणालो. माझा कप अजून अर्धा होता. तो संपेपर्यंत त्यांच्या मुलाचे परदेशातून परत येणे ठरून गेले होते आणि घर बहुधा त्यालाच लागणार होते. चार दिवसांनी तीच जाहिरात, तेच फोटो, दोन हजार रुपये कमी भाड्याने मला पुन्हा दिसली.

9 डिसेंबर 2024 रोजी आमच्याच तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून खून झाला आणि त्यानंतर कितीतरी महिने वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून गाडीची एमएच 23 ही अक्षरे पाहून पार्किंगमधला माणूस ‘बीडवाले का?’ म्हणून हसतो, कचेरीत कुणाशी वाद झाला की ‘याच्याशी जपून, हा बीडचा आहे’ असा विनोद होतो आणि आपणही हसायचे असते. मारला गेलेला माणूसही बीडचाच होता, न्याय मागायला उन्हातान्हात मोर्चात चाललेली माणसेही बीडचीच होती, हे मात्र कुणाच्या हिशेबात येत नाही.

हे सगळे मनात घोळवत एसटीने गावी निघालो होतो आणि मांजरसुंबा येईपर्यंत मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवली. ती सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. वरचे आवरण जाळायचे आणि आतले तांबे भंगारात घालायचे, हा प्रकार शेतकऱ्यांना नवा नाही. पोलिसांनी ‘कुणावर संशय?’ असे विचारले तेव्हा मी एकाही माणसाचे नाव घेतले नाही. ‘ओढ्यापलीकडच्या पालावर बघा’ एवढेच म्हणालो. पालावर पारध्यांची तीन-चार कुटुंबे होती. संध्याकाळी तिथल्या दोन पोरांना गाडीत घालून नेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडले. पंधरा दिवसांनी जळलेल्या आवरणाची काळी गुठळी आमच्याच भावकीतल्या एकाच्या गोठ्यामागे सापडली. ते प्रकरण आम्ही चार भिंतींत मिटवले. त्या माणसाला आजही आम्ही ‘तो तसलाच आहे’ असे म्हणतो. ‘आमची भावकीच तसली’ असे अद्याप कुणाच्या तोंडून आलेले नाही.

दुकानदार रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो. आपण माणसांची खतावणी मात्र विचित्र करतो. आपल्यातल्या एकाने काही वाईट केले की ते त्याच्या एकट्याच्या खात्यावर जाते; ‘त्यांच्यातल्या’ एकाने केले की ते साऱ्या जमातीच्या खात्यावर चढते. चांगल्या कामाची नोंद बरोबर याच्या उलट होते. आमच्या आजोबांनी पालावरच्या एका म्हाताऱ्याला वीस वर्षे ज्वारीच्या राखणीला ठेवले होते, खळ्यावर एकदाही पायलीभर धान्य इकडचे तिकडे झाले नाही, आणि तरीही त्याला पाणी द्यायचा जर्मनचा पेला गोठ्यातल्या खुंटीला वेगळा टांगलेला असे. त्याच्या वीस वर्षांच्या इमानदारीवर ‘हा एक बरा आहे’ एवढाच शेरा पडला.

त्या बाईंनी माझ्याशी केले त्यात आणि मी त्या दोन पोरांशी केले त्यात काही फरक आहे काय, हे मला विचारायचे आहे.

तेरणा

फरक आहे. तुम्हाला घर मिळाले नाही. त्यांना रात्र कोठडीत काढावी लागली. बाकी लेखन मनापासूनचे आहे. पुण्या-मुंबईत आमच्या बोलण्याचा हेल ऐकून ‘मराठवाड्याचे का? दुष्काळी भाग ना?’ असे विचारणारे मलाही भेटले आहेत. त्यांत दुष्टपणा नसतो, म्हणून तर काय उत्तर द्यावे ते कळत नाही.

हिशेबी

सगळ्यांची सहानुभूती एका बाजूला वाहत असताना विरुद्ध बोलणे अवघड आहे, तरीही बोलतो. मी लातूरमध्ये शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांना खोल्या भाड्याने देतो. मागे एकाच गावाकडच्या मुलांच्या दोन तुकड्या लागोपाठ वीजबिल बुडवून गेल्या, त्यांतल्या एका तुकडीने तर पंखासुद्धा नेला. त्यानंतर त्या गावाचे नाव ऐकले की मी दोन महिन्यांचे भाडे आगाऊ घेतो. हा वंशवाद म्हणायचा काय? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. समोरच्या माणसाची सारी कुंडली काढायला माझ्याकडे ना वेळ आहे ना साधन. त्याचे गाव, घराणे, आडनाव एवढीच माहिती फुकट मिळते. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी अनोळखी माणसाची खात्री कशी करून घ्यायची होती, हे धागालेखकाने सांगावे. प्रत्येक सावधपणाला पूर्वग्रह म्हणू लागलो तर ‘पूर्वग्रह’ या शब्दाला काही वजनच उरणार नाही.

कयाधू

हिशेबी, तुमच्या नावाला जागून आपण हिशेबच करू. मी हिंगोलीकडे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. समजा, एका गावच्या 1000 मुलांपैकी 20 बिल बुडवतात आणि दुसऱ्या गावच्या 1000 पैकी 10. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) पहिले गाव ‘दुप्पट बदमाश’ ठरले, चावडीवर तशी चर्चाही झाली. पण तुमच्या दारात पहिल्या गावचा जो मुलगा उभा आहे तो बिल भरणारा असण्याची शक्यता 100 पैकी 98 आहे, दुसऱ्या गावचा असता तर ती 99 असती. त्या एका टक्क्यासाठी तुम्ही 980 सरळ मुलांकडून जास्तीचे पैसे घेता. तुमच्याकडे तर 1000 सुद्धा नव्हते, दोन खोल्यांतली सात-आठ मुले होती.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. केबल चोरीला गेली की पोलिस आधी पालावर जातात, त्यामुळे पालावर काही असेल तर ते सापडते. भावकीच्या गोठ्यामागे कुणी शोधतच नाही, म्हणून तिथली चोरी नोंदवहीत येत नाही. पुढच्या वर्षी तीच नोंदवही दाखवून ‘पाहा, आकडेच बोलतात’ असे म्हटले जाते. धागालेखकाच्या गावी ती गुठळी योगायोगाने सापडली नसती तर ती चोरी आजही पालाच्याच नावावर असती.

भाड्याच्या घरापेक्षा नोकरीच्या अर्जांत हे मोजणे सोपे जाते, म्हणून तसा एक अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक केवळ नावांत होता. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. अर्ज वाचणाऱ्यांपैकी कुणालाही त्या नावांच्या माणसांचा चांगला-वाईट अनुभव येणे शक्यच नव्हते, कारण ती माणसेच अस्तित्वात नव्हती. तिथे दूध कुठे होते आणि तोंड कुठे पोळले होते?

हिशेबी

98 आणि 99 चा मुद्दा मान्य आहे. दोन महिन्यांच्या आगाऊ भाड्याबद्दल विचार करतो. सगळ्यांकडूनच घेईन म्हणतो.

निवृत्त मास्तर

‘सगळ्यांकडूनच घेईन’ हे उत्तर मला आवडले. मुले शिव्या देतील, पण सगळी सारख्याच देतील.

आम्ही परभणी जिल्ह्यात शाळेत कबड्डीसाठी मुलांचे दोन गट पाडत असू. पटावरचे सम क्रमांक इकडे, विषम तिकडे. त्यात ना जात, ना गल्ली, ना हुशारी. तासाभरानंतर मधल्या सुट्टीत डबे उघडले की सम क्रमांकवाले एकीकडे बसलेले दिसत. पुढे बी.एड.च्या अभ्यासात हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचले तेव्हा मला ही कबड्डी आठवली. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे 1970 च्या सुमारास त्यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून, उदाहरणार्थ दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रे आवडली यावरून, गटांत टाकले. आपल्या गटात नेमके कोण आहे हे मुलांना सांगितले नव्हते आणि स्वतःला काही मिळणारही नव्हते. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुले आपल्या गटाला झुकते माप देत, आणि काही वेळा तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असे वाटप करत. बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणजे गट पाडण्याची खोड माणसात आहेच. मात्र त्या कबड्डीच्या गटांनी आठवडाभरात एकमेकांचे डबे खाल्ले. पालाच्या आणि गावाच्या मधला ओढा पिढ्यान्‌पिढ्या कुणी ओलांडलेला नाही. तिथे नुसत्या खोडीवर बोट ठेवून भागणार नाही, तो ओढा कुणी आखला तेही पाहिले पाहिजे.

लातूरकर वकील

मास्तरांनी विचारलेला ओढा एकेकाळी कायद्याने आखला होता. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा त्यामागचा विचार होता. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित झाली की त्या घोषणेला न्यायालयात आव्हानही देता येत नसे. जमातीतल्या माणसांनी नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय हद्द सोडायची नाही. 1911 आणि 1924 साली कायद्याची व्याप्ती वाढली आणि बोटांचे ठसे आले. ज्याने आयुष्यात कुणाच्या शेतातले कणीसही मोडले नाही त्यालाही हजेरी चुकत नव्हती, कारण त्याचा गुन्हा त्याच्या जन्मात होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता, पण या जमातींसाठीची तारेच्या कुंपणाची सोलापूरची वसाहत आपल्या उंबरठ्यावरच होती आणि तिथला ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही त्या भागाला चिकटून आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या. विमुक्त दिन म्हणून तो दिवस पाळला जातो. पण कायद्याची जागा सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांनी घेतली, मुंबई राज्यात असा कायदा 1959 साली आला, आणि ‘सराईत’ या शब्दाआडून जुनी यादी पुन्हा डोकावू लागली. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर विमुक्त जमातींकडे जन्माने सराईत म्हणून पाहण्याची भाषा 2024 पर्यंत टिकून होती. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि त्याच निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी अटकेबाबतचे आधीचे मार्गदर्शक निर्णय पाळण्याची सूचना पोलिसांना दिली.

धागालेखकांनी आपण कुणाचे नाव घेतले नाही असे लिहिले आहे. सरकारी पंच म्हणून नव्हे, मित्र म्हणून सांगतो, नाव घेतले असते तर बरे झाले असते. नाव घेतले की पुरावा काय म्हणून विचारता येते. ‘पालावर बघा’ याला पुरावा लागत नाही.

खामकाठ

धागा वाचताना वाटले होते की रंगाचा विषयही येईल, पण आला नाही, म्हणून मी आणतो. आमचे घर छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला आहे. येमेन, सुदान, सोमालिया येथून शिकायला येणारी मुले या शहराला अनेक वर्षांपासून परिचित आहेत आणि त्यांना घर मिळणे किती अवघड जाते हेही इथल्या दलालांना पक्के ठाऊक आहे. आमच्या वरच्या खोलीत एक सुदानी मुलगा दोन वर्षे राहिला. तो आला तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला बोलावून ‘हबशाला कशाला ठेवले, पोरीबाळींचे घर आहे’ असे ऐकवले होते. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. त्या मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाण्याच्या वारांना खुणा करायला सुरुवात केली आणि महिन्याभरात गल्लीतली सगळी बिऱ्हाडे त्याला खालून विचारू लागली. ‘काकू, रात्री दोनला येणार, मोटार लावून ठेवा’ हे वाक्य तो इतके स्वच्छ मराठीत बोलायचा की त्याच शेजारच्या काकू त्याच्यावर विसंबून निवांत झोपायच्या.

आता हे शहर कुणी वसवले ते आठवा. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबर, त्याने 1610 साली खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवली. डोंगरातले पाणी भूमिगत नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच, आणि तिचे पाणी शहराने शतकानुशतके वापरले. जहांगीर बादशहाला तो कधी हाती लागला नाही. मग आठवणी लिहिताना त्याने अंबरचा उल्लेख काळतोंड्या अशा अर्थाच्या शब्दांनी केला आणि दरबारी चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले, ज्यात बादशहा भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. रणांगणात न जमलेले काम कुंचल्याने उरकले. अंबर 1626 साली मेला, तो वृद्ध होऊन. खुलताबादला त्याची कबर आहे. शनिवार-रविवारी आम्ही तिथे मुलांना घेऊन जातो, ‘केवढा थोर माणूस’ असे म्हणतो आणि घरी येऊन ‘हबशी’ हा शब्द शिवी म्हणून वापरतो.

तेरणा

जात आणि वंश यांत गल्लत होऊ नये म्हणून एक ओळ. बाबासाहेबांनी 1936 सालीच स्पष्ट लिहिले होते की जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नाही. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. 2001 साली डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा की नाही यावरून मोठा वाद झाला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला, तो याच फरकाच्या आधारावर. फरक खरा आहे. मात्र खामकाठांच्या शेजारणीचे वाक्य आणि आमच्या गावातली वाक्ये शेजारी ठेवली तर शब्द बदलतात, चाल तीच राहते.

कयाधू

चाल तीच, म्हणून एक ताजे उदाहरण. 2025 साली बीड जिल्ह्याच्या पोलिसांनी छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती पहिली नावे ठेवली. आडनाव वाचताच समोरचा माणूस ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे ठरवून टाकतो, तो मार्ग बंद करण्याचा हा प्रयत्न होता. तुम्हा बीडकरांना त्याचा उपयोग जाणवला का?

बिंदुसराकाठ

पाटी बदलली हे चांगलेच झाले, पण आमच्याकडे पाटी वाचतो कोण? ‘साहेब, गाव कोणते?’, ‘म्हणजे त्या गावचे अमके तुमचे कोण?’, ‘मग पाहुणे कोणीकडचे?’ या तीन प्रश्नांत काम होते. तिसऱ्या उत्तराला समोरच्याचा चेहरा सैल होतो किंवा आवळतो. मीही हे प्रश्न विचारतो, सवयीने; इतक्या गोडीने विचारतो की ते चौकशीसारखे वाटतच नाहीत.

पालावरची

मी हा धागा तीन दिवस वाचते आहे. लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

माझा जन्म पालावर झाला. मी आश्रमशाळेत शिकले आणि आता नोकरी करते. शाळेत कुणाचा कंपास हरवला की पहिले दप्तर माझे उघडले जायचे. काही दिवसांनी मीच न सांगता दप्तर उपडे करून दाखवू लागले, म्हणजे वेळ वाचायचा. त्याचे मला पुढे फार वाईट वाटले नाही. वाईट वाटते ते कौतुकाचे. आजही कचेरीत जेवताना कुणी आपुलकीने म्हणते, ‘तू त्यांच्यातली वाटतच नाहीस गं.’ असे म्हणताना त्यांनी माझी आई, माझे भाऊ, माझे सगळे गणगोत एका वाक्यात चोर ठरवलेले असते आणि मला त्यांच्यातून काढून घेतल्याबद्दल मी आभार मानावेत अशी अपेक्षा असते. धागालेखकांनी आजोबांच्या राखणदाराविषयी जे लिहिले आहे ते वाचताना मला हेच वाक्य ऐकू आले.

तुमचे लेखन प्रामाणिक आहे, दादा. पण मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दोन पोरांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का? आणि त्या रात्री ठाण्यात त्यांची नावे कुठल्या वहीत लिहिली गेली, ती अजून तिथे आहेत का? नावे तिथे राहिली असतील तर पुढची केबल चोरीला जाईल तेव्हा तुम्हाला ‘पालावर बघा’ असे सांगावेही लागणार नाही.

बिंदुसराकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उत्तर देता आले नाही. आधी गावी भावाला फोन केला, मग पोलिसपाटलांना. त्यांपैकी एका पोराचे नाव कळले, ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्याला गावात सगळे ‘धाकटा’ म्हणतात. त्याचे खरे नाव पोलिसपाटलांनाही सांगता आले नाही. पाल मागच्या दिवाळीनंतर उठले आहे, अंबाजोगाईच्या रस्त्याला कुठेतरी आहे म्हणतात.

वकीलसाहेब, चोरीशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि संशय मी निराधार घेतला होता, असे माझ्या सहीने लिहून दिले तर नोंदीत त्याचा उपयोग होईल काय?

लातूरकर वकील

होईल. तक्रारदाराने स्वतः लेखी दिले की त्याला वजन असते. घडलेली गोष्ट तारखेनिशी लिहा, माल कुठे सापडला तेही लिहा, पोच घ्या आणि एक प्रत पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. मसुदा मला पाठवा, पाहून देतो. भावकीतल्या माणसाचा उल्लेख टाळून अर्ज टिकणार नाही, एवढे मात्र लक्षात ठेवा. आणि दोघांचीही पूर्ण नावे लागतील.

बिंदुसराकाठ

मसुदा रात्री लिहिला. भावकीतल्या माणसाचे नाव घातले आहे. उद्या घरात काय होईल ते दिसतेच आहे. पहिल्या पोराच्या नावापुढे दुसऱ्यासाठी जागा कोरी ठेवली आहे. रविवारी अंबाजोगाईला जातो.